परग्रहवासीयांच्या तोंडी आपला ‘ड’!

अंतराळात आणखी कुठे बोलणारे प्राणी असतील, तर ते कोणती भाषा बोलत असतील? चित्रपटवाल्यांनी या प्रश्नाचे उत्तर बरीच वर्षे अगदी सोपे करून टाकले होते. परग्रहावरचे राजे, सेनापती, राक्षस सगळे फर्डे इंग्रजी बोलत! ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी टीव्ही मालिकेत १९६७ मध्ये क्लिंगॉन नावाची लढवय्यी जमात प्रथम अवतरली, तीसुद्धा इंग्रजीच बोलत होती.

१९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात क्लिंगॉनांच्या तोंडी पहिल्यांदा काही अगम्य शब्द आले. ते जुळवले होते मालिकेतलेच एक नट जेम्स डूहन यांनी. पण मोजकी वाक्ये म्हणजे भाषा नव्हे. १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटासाठी निर्मात्यांना शब्द, व्याकरण, उच्चार असे सर्व काही असलेली भाषा हवी होती. हे काम त्यांनी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाकडे सोपवले.

ओक्रँड यांचा तोवरचा अभ्यास परग्रहावरचा नव्हता. कॅलिफोर्नियातील मुत्सुन या मूळ रहिवाशांच्या भाषेचे व्याकरण हा त्यांच्या डॉक्टरेटचा विषय. ही भाषा अस्खलित बोलणाऱ्या अखेरच्या वृद्धा असेन्सियोन सोलोर्सानो १९३० मध्ये वारल्या. त्यांच्या आजारपणात जॉन हॅरिंग्टन नावाच्या अभ्यासकाने त्यांच्या तोंडून पानेच्या पाने उतरवून घेतली होती. पुढे जुन्या कागदांवरून ओक्रँड यांनी या भाषेचे व्याकरण मांडले, ते १९७७ मध्ये. बोलणारे कुणी उरले नाही अशा भाषेचा हा अभ्यासक, कुणी कधीच न बोललेली भाषा घडवायला बसला!

जिभेची कसरत

भाषा माणसाची वाटता कामा नये, पण बोलणार मात्र माणसेच. तेव्हा आवाज मानवी घशातून निघणारेच हवेत. ओक्रँड यांनी युक्ती केली ती निवडीत. एकाच भाषेत सहसा एकत्र नांदत नाहीत असे आवाज त्यांनी एका घरात कोंबले.

मराठी माणसाला याची गंमत चटकन कळेल. आपल्या वर्णमालेत ट, ठ, ड, ढ, ण ही भावंडे रांगेत उभी असतात. क्लिंगॉन भाषेत ‘ड’ आहे, जीभ मागे वळवून उच्चारायचा, अगदी आपल्यासारखा. पण त्याच्या शेजारचा ‘ट’ नाही. तिथला ‘त’ दातांमागच्या हिरडीवर उच्चारायचा, पण त्याच्या जोडीचा ‘द’ नाही. साधा ‘स’ नाही, मात्र शाळेत आपल्याला छळणारा पोटफोड्या ‘ष’ आहे. ‘क’ आणि ‘ग’ तर नाहीतच. त्यांच्याऐवजी घशाच्या पार तळाशी उच्चारायचा उर्दूतल्यासारखा ‘क़’ आणि घसा खाकरल्यासारखा ‘ख़’.

एका व्यंजनासाठी जिभेचे टोक हिरडीला टेकवून दोन्ही बाजूंनी हवा जोराने सोडावी लागते. क्लिंगॉन लोकांच्या स्वतःच्या नावाची सुरुवात याच आवाजाने होते. म्हणजे ‘क्लिंगॉन’ हा शब्द त्यांच्या भाषेत उच्चारताच येत नाही! एकूण एकवीस व्यंजने आणि पाच स्वर, एवढाच हा संसार.

मी मराठी, मी क्लिंगॉन

व्याकरणातही ओक्रँड यांनी उलटी वाट धरली. ‘अधिकारी मुलाला पाहतो’ असे आपण म्हणतो. क्लिंगॉनमध्ये ‘पुक़ लेग़ याष’. शब्दाला शब्द ठेवला, तर ‘मूल पाहतो अधिकारी’. आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. मराठीत हे शब्द कसेही फिरवले तरी ‘मुलाला’मधला ‘ला’ आपल्याला सांभाळून घेतो. तिथे असा ‘ला’ नाही. शब्दांची अदलाबदल केली, की मूलच अधिकाऱ्याला पाहू लागते! हा क्रम माणसांच्या भाषांत फार दुर्मीळ आहे, म्हणूनच तो निवडला गेला. तरीही ब्राझीलच्या जंगलातील हिश्कार्याना या भाषेचे लोक बोलतात ते याच क्रमाने.

क्रियापदाच्या आधी लागणारे छोटे उपसर्ग कोण कुणाला पाहतो हे सांगतात. ‘क़ालेग़’ म्हणजे ‘मी तुला पाहतो’ आणि ‘चोलेग़’ म्हणजे ‘तू मला पाहतोस’. एका शब्दात वाक्य संपले.

‘असणे’ हे क्रियापद मात्र या भाषेत नाही. ‘मी क्लिंगॉन आहे’ असे म्हणायचे तर ‘क्लिंगॉन मी’ एवढेच पुरते. आपणही ‘मी मराठी’ म्हणतोच की! पण १९९१ च्या चित्रपटात एका क्लिंगॉन सेनापतीच्या तोंडी हॅम्लेटच्या विख्यात स्वगताचे शब्द घालायचे ठरले आणि ओक्रँड यांची पंचाईत झाली, कारण त्या स्वगताची सुरुवातच ‘असणे’ या क्रियापदाने होते. शेवटी ‘टिकून राहणे’ या अर्थाचा शब्द वापरून वेळ निभावली. पुढे १९९६ मध्ये चाहत्यांनी सबंध ‘हॅम्लेट’ क्लिंगॉनमध्ये छापले.

तो भात, ती भाकरी, ते वरण हा आपला लिंगभेदही तिथे नाही. अनेकवचनासाठी नामांचे तीन गट आहेत : बोलू शकणारे जीव, शरीराचे अवयव आणि उरलेले सारे. माणूस आहे की परग्रहवासी, हे व्याकरण विचारत नाही. बोलता येते का, एवढेच विचारते.

२००९ च्या ‘अवतार’ चित्रपटासाठी पॉल फ्रॉमर यांनी केलेल्या नावी भाषेत तर शरीरच गणितात उतरले आहे. त्या निळ्या लोकांच्या हाताला चारच बोटे, म्हणून त्यांची मोजणी दहाची नसून आठची!

आधी नक्षी, मग अक्षर

पडद्यावर अवकाशयानांच्या भिंतींवर जी टोकदार क्लिंगॉन अक्षरे दिसत, ती मुळात निव्वळ सजावट होती. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड पुढे घातली गेली. जगातील लिप्यांना संगणकात जागा देणाऱ्या युनिकोड व्यवस्थेत ही लिपी घ्यावी, असा प्रस्ताव १९९७ मध्ये आला आणि २००१ मध्ये फेटाळला गेला. कारण साधे होते. चाहते आपापसात लिहीत ते रोमन अक्षरांतच.

याच्या अगदी उलट म्हणजे ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्कीन यांची लिपी. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरीतील एल्फ जमातीसाठी त्यांनी आखलेल्या तेंग्वार लिपीत आवाज कुठे उच्चारला जातो त्यानुसार अक्षरांचे स्तंभ आहेत. आपली क-वर्ग, च-वर्गाची मांडणी ठाऊक असलेल्याला ती परकी वाटणार नाही.

घरात शब्द अडला

क्लिंगॉनचा शब्दकोश १९८५ मध्ये निघाला. १९९२ मध्ये अमेरिकेत तिच्या अभ्यासाची संस्था उभी राहिली. २०१० मध्ये हेग शहरात या भाषेतला ऑपेरा झाला आणि २०१८ पासून ड्युओलिंगोवर तिचे धडे मिळू लागले. ही भाषा कुणाच्या मालकीची असू शकते का, हा वादही अमेरिकेतील एका खटल्यात २०१६ साली निघाला. पण २०१७ मध्ये तडजोड झाली आणि प्रश्न तसाच राहिला.

खरी परीक्षा मात्र एका घरात झाली. १९९० च्या दशकात एका अमेरिकी भाषातज्ज्ञाने आपल्या तान्ह्या मुलाशी सुमारे तीन वर्षे फक्त क्लिंगॉनमध्ये बोलायचे ठरवले. आई इंग्रजी बोलत होती. बाळ क्लिंगॉन शब्द शिकलेही. पण लढाया आणि अवकाशयाने यांच्यासाठी घडलेल्या भाषेत तान्ह्या बाळाच्या घरातल्या रोजच्या वस्तूंना शब्द सापडेनात. हळूहळू मूल इंग्रजीकडे वळले आणि वडिलांनी प्रयोग थांबवला.

इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा परदेशात राहणाऱ्या मराठी आईवडिलांना हा अनुभव नवा वाटणार नाही. आपण मराठीत विचारावे आणि मुलाने हिंदीत किंवा इंग्रजीत उत्तर द्यावे, हे अनेक घरांत रोजचेच आहे. आपल्याकडे पातेल्यापासून पांघरुणापर्यंत शब्दांची ददात नाही. ते तोंडी राहतील की नाही, एवढाच प्रश्न आहे.

आणि ती मुत्सुन? १९९० च्या दशकात त्या समाजातील माणसांनी आपली भाषा पुन्हा शिकायला घेतली. हॅरिंग्टन यांच्या वह्या आणि ओक्रँड यांचे व्याकरण त्यांच्या कामी आले. २०१६ मध्ये मुत्सुन-इंग्रजी शब्दकोश छापून निघाला. एका आजारी वृद्धेने अखेरच्या दिवसांत सांगितलेले शब्द आज तिच्याच समाजातली माणसे पुन्हा उच्चारत आहेत.