डॉ. राधाविनोद पाल : जेत्यांच्या न्यायासनावरील वेगळा आवाज

युद्ध जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचा न्याय करावा काय? दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोत भरलेल्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायालयात हा प्रश्न एका भारतीय न्यायाधीशाने परखडपणे उपस्थित केला. ते होते डॉ. राधाविनोद पाल.

पाल यांचा जन्म १८८६ साली बंगालमधील नदिया जिल्ह्यात एका गरीब कुटुंबात झाला. लोकमान्य टिळकांप्रमाणेच तेही गणिताकडून कायद्याकडे वळले. मैमनसिंगच्या कॉलेजात त्यांनी गणित शिकविले. पुढे कायद्याचे प्राध्यापक, कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १९४४ ते १९४६ या काळात कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९४६ साली ते टोकियोला गेले. न्यायासनावर ११ देशांचे ११ न्यायाधीश, समोर जपानचे २८ नेते. खटला चालू असताना दोघे वारले, एकाला मनोरुग्ण म्हणून वगळण्यात आले. नोव्हेंबर १९४८ मध्ये उरलेले २५ जण दोषी ठरले. त्यांपैकी ७ जणांना फाशी झाली. पाल यांनी मात्र हजाराहून अधिक पानांच्या आपल्या निकालपत्रात सर्वांना निर्दोष ठरविले.

म्हणजे जपानने काही वावगे केलेच नाही, असे त्यांचे मत होते काय? मुळीच नाही. जपानी सैन्याच्या अत्याचारांचा पुरावा त्यांनी मान्य केला; पण ते या नेत्यांच्या हुकुमावरून झाले, हे त्यांना सिद्ध झालेले दिसले नाही. शिवाय आक्रमक युद्ध हा व्यक्तीचा गुन्हा ठरविणारा कायदा युद्धापूर्वी अस्तित्वातच नव्हता. उत्तर आधी ठरवून मग रीत मांडणे या गणिताच्या अध्यापकाला मंजूर नव्हते. अणुबाँब टाकणारे मात्र आरोपींत नव्हते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

या भूमिकेवर टीका झाली. कायदा नव्हता म्हणून लाखोंच्या मृत्यूचा जाब कोणालाच विचारायचा नाही काय, हा टीकाकारांचा सवाल क्षुल्लक नाही. उलट, २००५ साली टोकियोच्या यासुकुनी मंदिरात पाल यांचे स्मारक उभे राहिले. त्यांच्या निकालाचा 'जपान निष्कलंक' असा सोयीचा अर्थ लावणारेही तेथे आहेत.

पाल १९५२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचे सदस्य होते. १९६७ साली ते वारले. १९९८ च्या रोम करारातून कायमचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय निर्माण झाले. कृत्याच्या वेळी जो गुन्हा नव्हता त्यासाठी शिक्षा नाही, हे तत्त्व त्या करारात आहे. आक्रमणाच्या गुन्ह्याची व्याख्या त्यात २०१० साली ठरली. पाल यांचा एक आक्षेप असा दूर झाला. दुसरा उरलाच आहे : अमेरिका, रशिया, चीन आणि आपला भारतही या कराराबाहेर आहेत. बलवानाला कायदा लागू कोण करणार?