मामा पुन्हा प्यायला लागले, तेव्हा समुपदेशक ताईंनी काय केलं?

बसच्या आवाजात एपिसोड नीट ऐकू आला नसेल, तर हे घ्या लेखी रूप.

माझे मामा सोलापुरात यंत्रमागावर कामाला. दारू सोडवायला महिनाभर केंद्रात राहिले, घरी आले आणि तीन महिन्यांत पुन्हा सुरू. मामी म्हणाली, "पैसे पाण्यात गेले रे." मी म्हणालो, "पुन्हा महिनाभर ठेवू." मी सॉफ्टवेअरवाला! कोड न बदलता परत रन केला की तोच एरर येतो, हे मला तरी कळायला हवं होतं.

केंद्रातल्या समुपदेशक ताई एमएसडब्ल्यू झालेल्या. त्यांनी आधी विचारलं, "आज एकदम बंद केलीय का?" कारण रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं, तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. तिथे समुपदेशन पुरत नाही, डॉक्टरच लागतात.

मग त्यांनी मला सांगितलं, की उपचार अडला की त्या तीन गोष्टी तपासतात. एक, आपलं निदान अपुरं होतं का? दारूमागे नैराश्य किंवा झोपेचा त्रास आहे का? दोन, योजना या माणसाच्या जगण्यात बसते का? तीन, मीच तर आड येत नाही ना? पेशंटवर चिडलेला कार्यकर्ता ऐकत नाही, म्हणून अशी केस वरिष्ठांसमोर मांडायची.

मामांशी बोलून ताई बाहेर आल्या. मी विचारलं, "काय म्हणाले?" त्या हसून म्हणाल्या, "ते त्यांनाच विचारा." गोपनीयता म्हणजे काय, ते तिथे कळलं.

नंतर मामांनीच सांगितलं. त्यांची रात्रपाळी. सकाळी घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून घोट घ्यायचे. आणि केंद्राची फॉलोअपची मीटिंग संध्याकाळी, नेमकी कामावर निघायच्या वेळी! म्हणजे योजनेतच बग होता.

पुन्हा भरती नको असं ठरलं. मीटिंग सुट्टीच्या दिवशी, झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञ, आणि मामीसाठी पत्नींचा गट. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. व्यसन हा आजार मानला, की घसरणं हा गुन्हा उरत नाही. बीपी वाढलं तर डॉक्टर पेशंटला हाकलत नाहीत, औषध बदलून बघतात. तसंच हे.

पण ताईंनी एक स्पष्ट सांगितलं : "सोडायची की नाही, हे मामाच ठरवणार. जिवाला धोका असेल तर मात्र आम्ही थांबणार नाही."

मधे मामा एकदा घसरले. पण या वेळी ताईंना फोन त्यांनी स्वतः केला.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही नंबर मोफत आहेत. आत्ताच सेव्ह करून ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडला!