मुंगी दिसेनाशी झाली तेव्हा

दिगंबर जैन मुनींचा आहार एकदा जवळून पाहावा. दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत. ताट नाही, वाटी नाही. समोरची माणसं ओंजळीत घास ठेवतात आणि तोंडाशी नेण्याआधी मुनी तो बोटांनी चाचपून, निरखून बघतात. केस निघाला, किडा दिसला की 'अंतराय' झाला. ओंजळ सुटते, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. चालतानाही तसंच. चार हात पुढची जमीन बघितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि बसण्याआधी मोरपिसांच्या पिंछीने जागा हलकेच झाडून घ्यायची.

अशा माणसाची नजरच गेली तर?

1955 साली नेमकं हेच झालं. आचार्य शांतिसागर तेव्हा 83 वर्षांचे होते. दूधगंगा-वेदगंगेच्या संगमावरच्या भोज गावचे हे सातगौडा पाटील; दिगंबर मुनींची जवळजवळ विझलेली परंपरा विसाव्या शतकात त्यांच्यामुळे पुन्हा उभी राहिली. त्यांची दृष्टी मंदावत गेली. घासातला किडा दिसेना, वाटेवरची मुंगी दिसेना. आपल्याला वाटेल, मग काय झालं, कुणीतरी हात धरून चालवेल, कुणीतरी घास निवडून देईल. पण ज्याचं सगळं व्रत 'माझ्याकडून जीव मरू नये' या एका गोष्टीवर उभं आहे, त्याने ते पाहण्याचं काम दुसऱ्याच्या डोळ्यांवर कसं सोपवायचं? तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या कुंथलगिरीच्या डोंगरावर 14 ऑगस्टला त्यांनी सल्लेखना, म्हणजे अन्न सोडत मरणाला सामोरं जाण्याचं व्रत, घेतली. सुरुवातीला अधूनमधून फक्त पाणी, मग तेही नाही. 18 सप्टेंबरला, छत्तिसाव्या दिवशी, त्यांचं देहावसान झालं.

मी या गोष्टीपाशी पुन्हापुन्हा येतो. 'जीवन पवित्र आहे' हे वाक्य आपण माणसाच्या जिवाबद्दल बोलतो. गर्भपात असो की इच्छामरण, सगळा वाद माणसाभोवती फिरतो. इथे मात्र एका माणसाने स्वतःचा जीव आणि पायाखालची मुंगी एकाच तागडीत घातली होती.

'सल्लेखना' हा शब्दच बघा. 'लिख्' म्हणजे खरवडणं. आपलं 'लिहिणं' आणि 'लेखणी' त्याच धातूतून आले, कारण पूर्वी अक्षरं कोरली जात. सल्लेखना म्हणजे नीट खरवडून पातळ करणं. देह तर पातळ करायचाच, पण त्याच्यासोबत 'कषाय' म्हणजे क्रोध, मान, माया आणि लोभही. नुसता देह वाळला आणि राग शाबूत राहिला, तर ती सल्लेखना नव्हे, उपासमार.

आणि आता ज्या गोष्टीने मी पहिल्यांदा वाचताना थबकलो, ती. 'तत्त्वार्थसूत्र' हा ग्रंथ जैनांच्या दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही पंथांना मान्य आहे. सल्लेखनेत होणारे पाच दोष, 'अतिचार', त्यात सांगितले आहेत. आणखी जगावंसं वाटणं हा पहिला दोष. लवकर मरण यावं असं वाटणं हा दुसरा! मित्रांची ओढ, भोगलेल्या सुखांची आठवण आणि पुढच्या जन्मी फळ मिळावं ही अपेक्षा हे उरलेले तीन. म्हणजे मरायची इच्छा असेल तर या व्रताला दोष लागतो. आपण 'इच्छामरण' हा शब्द सर्रास वापरतो. या परंपरेत त्यातली 'इच्छा'च चालत नाही.

व्रत कुणी घ्यायचं याच्याही कडक अटी आहेत. समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त त्या दिल्या आहेत: टळू न शकणारं संकट, दुष्काळ, म्हातारपण किंवा आजार, आणि तोही असा की ज्याच्यावर उपायच उरलेला नाही. अन्नही एकदम तोडायचं नाही. आधी घन आहार कमी करत पातळ पदार्थांवर यायचं, मग तेही सोडत नुसत्या पाण्यावर, आणि शेवटी उपवास. शिवाय गुरूंची परवानगी हवी, आणि ती नाकारलीही जाते. खुद्द समंतभद्रांचीच तशी कथा सांगतात. कितीही खाल्लं तरी भूक न शमणारा भस्मक रोग त्यांना जडला. त्यांनी गुरूंकडे सल्लेखना मागितली. गुरू नाही म्हणाले. तुझ्या हातून अजून मोठं काम व्हायचंय, आधी बरा हो. सल्लेखनेच्या अटी लिहिणाऱ्यालाच सल्लेखना नाकारली गेली होती!

सगळ्यात हलवून टाकतं ते 'भगवती आराधना' या प्राचीन ग्रंथातलं एक वर्णन. मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या मुनीभोवती किती माणसं असावीत? अठ्ठेचाळीस. त्यांना 'निर्यापक', म्हणजे पार नेणारे, म्हणतात. कुणी त्याला उठवायचं-बसवायचं, कुणी धर्मकथा सांगायच्या, कुणी दाराशी थांबायचं, कुणी रात्र जागून काढायची. एवढे नसतील तर कमी चालतील, पण दोनपेक्षा कमी नाहीत. मरण एकट्याचं खरं, पण एकट्याने मरायचं नाही. मला इथे परळच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या परिचारिका आठवतात. 1973 पासून 2015 पर्यंत, जवळजवळ 42 वर्षं, त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना सांभाळलं, आणि दयामरणाची याचिका झाली तेव्हा ठाम विरोध केला. परंपरा वेगळी, निर्णय अगदी उलटा, पण उशाशी जागणारे हात तेच.

कायद्याला या सगळ्याचं काय करायचं ते चटकन कळलं नाही, आणि त्यात नवल नाही. श्वेतांबरांकडे याच व्रताला संथारा म्हणतात. 10 ऑगस्ट 2015 रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्येच्या कलमांखाली आणलं. जैन समाज गावोगाव मूक मोर्चे काढून रस्त्यावर उतरला, आणि तीन आठवड्यांत, 31 ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. पुढे 9 मार्च 2018 रोजी त्याच न्यायालयाने, बरा होण्याची आशा नसलेल्या रुग्णाला कृत्रिम आधार नाकारण्याचा आणि तसं आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला.

उच्च न्यायालयापुढे मांडलेली चिंता मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. घरातल्या म्हाताऱ्या आजीने संथारा घेतला की घराण्याचा मान वाढतो, दर्शनाला रीघ लागते. चौथ्या दिवशी तिला घोटभर पेज मागावीशी वाटली, तर ती मागू शकेल का? गर्दीतून एकाने तरी 'आजी, घ्या' म्हणायला हवं. शांतिसागरांनी स्वतः ठरवलं, स्वतः बोलले. सगळ्यांच्या बाबतीत तसं असतंच असं मी म्हणणार नाही.

जन्माच्या टोकालाही हीच नजर आहे. श्वेतांबरांच्या 'कल्पसूत्रा'त गर्भातल्या महावीरांची गोष्ट आहे. आईला त्रास नको म्हणून ते पोटात अगदी निश्चल राहिले. त्रिशलेला वाटलं, गर्भ गेला. ती शोकात बुडाली. ते कळताच त्यांनी किंचित हालचाल केली, आणि आईवडील हयात असेपर्यंत संन्यास घ्यायचा नाही असं तिथेच ठरवलं. न जन्मलेल्या जिवाला दुसऱ्याचं दुःख कळतं, असं मानणाऱ्या या धर्माला गर्भपात हिंसा वाटतो, यात आश्चर्य नाही.

कुंथलगिरीवर 8 सप्टेंबर 1955 रोजी, उपवासाच्या सव्विसाव्या दिवशी, शांतिसागर शेवटचं बोलले, आणि ते ध्वनिमुद्रित करून ठेवलं गेलं. बोलले ते मराठीत. आत्म्याचं चिंतन करा, संयमाला भिऊ नका, असं ते समोर बसलेल्या लोकांना सांगत होते.