तापविलेल्या दालनांतील योगासनें

मे महिन्यांत जळगांवीं किंवा धुळ्यास भर दुपारीं घराबाहेर पडणाऱ्या मनुष्याला उष्णता म्हणजे काय, हें निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. पारा ४२-४३ अंशांवर रेंगाळत असतो. कांहीं दिवस तो ४५ अंशांसही शिवतो. अशा प्रदेशांत "मुद्दाम तापविलेल्या बंद खोलींत योगासनें करावयास चला" असें कोणीं म्हटलें, तर घरांतील वडील मंडळी हंसल्यावांचून राहणार नाहीं. परंतु हा प्रकार परदेशीं चांगलाच रुळला आहे, आपल्या मोठ्या शहरांतही आला आहे, आणि तिकडे राहणारीं मुलें-सुना सुटींत घरीं आलीं म्हणजे त्याचे गोडवे गातात. तेव्हां हा प्रकार आहे तरी काय, त्यांत शरीराचें काय होतें आणि पहिल्या दिवशीं काय जपावें, याचा आज थोडा विचार करूं.

‘हॉट योगा’ या नांवानें चालणाऱ्या वर्गांचा प्रसार मुख्यतः कलकत्त्याच्या बिक्रम चौधरी यांनीं केला. ते बिष्णुचरण घोष यांचे शिष्य. घोष हे परमहंस योगानंदांचे धाकटे बंधु आणि नामांकित व्यायामशिक्षक. चौधरी १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत स्थायिक झाले व तेथें त्यांनीं आपली पद्धति रूढ केली. श्वसनाचे दोन प्रकार धरून एकूण २६ क्रिया, त्यांचा क्रम ठरलेला, वेळ ९० मिनिटें, खोलीचें तापमान सुमारें ४० अंश सेल्सिअस आणि हवेंतील आर्द्रता शेंकडा ४०, असें तिचें स्वरूप. या क्रमावर आपला मालकी हक्क आहे असा त्यांचा दावा होता. तो २०१५ सालीं अमेरिकेंतील अपील न्यायालयानें अमान्य केला. आज अनेक वर्ग निरनिराळ्या नांवांनीं चालतात आणि खोली किती तापवावी हें ज्यानें त्यानें ठरविलेलें असतें. म्हणून नांव नोंदविण्यापूर्वीं तापमान विचारून घ्यावें.

ही कृत्रिम उष्णता आपल्या योगपरंपरेंत आहे काय? हठयोगाच्या ग्रंथांत घामाचा उल्लेख आहे. पण तो परिश्रमानें आलेला घाम. हठप्रदीपिका तो अंगालाच चोळावा असें सुचविते. त्याच ग्रंथांत नवख्या अभ्यासकानें अग्नीचें सेवन टाळावें, असेंही बजाविलें आहे. घेरंडसंहिता तर याहून स्पष्ट बोलते: योगाभ्यासाचा आरंभ वसंतांत किंवा शरदांत करावा, ग्रीष्मांत, वर्षेंत किंवा कडक थंडींत केल्यास तो रोगास कारण होतो. तप शब्दाचा मूळ अर्थ उष्णता असला, तरी तें तप खोलीच्या भिंतींनीं करावयाचें नसून साधकानें करावयाचें असतें.

योगक्रियांची शास्त्रीय परीक्षा करण्याचें श्रेय ज्यांच्याकडे जातें, त्या स्वामी कुवलयानंदांचा संबंध खानदेशाशीं आहे, ही गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. पूर्वाश्रमींचे जगन्नाथ गणेश गुणे हे अमळनेर येथें अध्यापन करीत होते. पुढें १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें आणि ‘योगमीमांसा’ हें नियतकालिक सुरू केलें. नौलि करतांना आंतड्यांतील दाब किती उतरतो, हें त्यांनीं यंत्र लावून मोजलें. परंपरेविषयीं आदर ठेवावा, पण शरीरावर होणारा परिणाम मोजून पाहावा, ही त्यांची दृष्टि. तीच दृष्टि या नव्या प्रकारालाही लावली पाहिजे.

शरीराचें आंतील तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावें लागतें. स्नायूंनीं काम केलें कीं उष्णता निर्माण होते आणि ती बाहेर टाकावी लागते. भोंवतालची हवा त्वचेहून थंड असली तर हें काम सुलभ होतें. त्वचेचें तापमान साधारण ३५ अंश. हवा ४० अंशांची झाली कीं उष्णता बाहेर जाण्याऐवजीं आंत येऊं लागते. मग एकच वाट उरते, ती घामाची. आपल्या घरांतील माठ हेंच काम करतो. त्यांतून पाझरलेलें पाणी वाळतांना माठाची उष्णता घेऊन जातें, म्हणून वैशाखांत माठांतील पाणी गार लागतें. आषाढांत तोच माठ तितकें गार पाणी देत नाहीं. फरक माठाचा नव्हे, हवेंतील ओलाव्याचा आहे. मनुष्याचेंही तसेंच आहे. नुसता घाम आल्यानें अंग निवत नाहीं, घाम वाळल्यानें निवतें. एक लिटर घाम अंगावर पूर्णपणें वाळला तर सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तोच चटईवर ठिबकला तर ती बहुतेक अंगांतच राहते.

खानदेशचा उन्हाळा कोरडा आहे; घाम दिसण्यापूर्वींच वाळून जातो. बंद दालनांत वीस-पंचवीस माणसें एकदम घामेजतात आणि त्यांची वाफ तेथेंच कोंडते. म्हणून बाहेरचे ४३ अंश सोसणाऱ्या धुळेकरास आंतले ४० अंश अधिक जड गेले तर नवल नाहीं. त्यांत हृदयाला दोन धन्यांची चाकरी करावी लागते. स्नायूंना रक्त हवें असतें, आणि अंग निवविण्यासाठीं त्वचेलाही हवें असतें. नाडी जलद चालते. जमिनीवरील आसन सोडून झटकन उठतांच नवख्याच्या डोळ्यांपुढें अंधारी येते, ती यामुळें.

या वर्गांविषयीं तीन गोष्टी आवर्जून सांगितल्या जातात. घामावाटे शरीरांतील विषें निघून जातात, ही पहिली. वस्तुतः घाम म्हणजे बहुतांशीं पाणी आणि मीठ; विषारी द्रव्यें निकालांत काढण्याचें काम यकृत व मूत्रपिंडें करतात. वजन उतरतें, ही दुसरी. वर्गानंतर कांट्यावर एक किलो कमी भरलें, तर तें मुख्यतः एक लिटर पाणी असतें आणि दोन तांबे पाणी प्यालें कीं परत येतें. अंग लवचिक होतें, ही तिसरी. ती खरी आहे. पण धोकाही तींतच आहे. ऊब मिळालेले स्नायू सैल होतात आणि नेहमींची मर्यादा ओलांडली गेल्याचें त्या क्षणीं जाणवत नाहीं. दुसऱ्या दिवशीं गुडघा किंवा कंबर त्याची आठवण करून देते.

अमेरिकेंतील एका प्रयोगाचा वृत्तांत २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. चाळीस ते साठ वर्षांच्या, व्यायामाची संवय नसलेल्या मंडळींपैकीं एका गटानें हीच आसनें ४०.५ अंशांच्या खोलींत, तर दुसऱ्यानें २३ अंशांच्या खोलींत बारा आठवडे केलीं. रक्तवाहिन्यांच्या प्रसरणशक्तींत दोन्ही गटांत सुधारणा दिसली. म्हणजे रक्तवाहिन्यांपुरता तरी लाभ आसनांचा होता. त्यासाठीं खोली तापविण्याची गरज नव्हती.

तथापि उष्णतेची संवय होते, हेंही खरें. रोज थोडथोडा वेळ उन्हांत काम केल्यास एक-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटूं लागतो व त्यांतून मीठ कमी जातें. आपला शेतकरी चैत्र-वैशाखांत पहांटे कामास लागतो आणि ऊन तापलें कीं झाडाखालीं विसावतो. शरीर उन्हाला सरावलेलें असूनही तो दुपार टाळतो, यांत मोठें शहाणपण आहे.

एवढें ऐकूनही ज्यांना एकदां अनुभव घ्यावयाचा असेल त्यांनीं कांहीं पथ्यें पाळावीं. जेवणानंतर दोन-तीन तास जाऊं द्यावे. आदल्या दिवसापासून पाणी नीट प्यावें. एकदम तांब्यावर तांबे रिचवूं नयेत. कपडे सैल व सुती असावे. जागा दाराजवळची धरावी. पहिल्या दिवशीं सर्व आसनें करण्याचा हट्ट नसावा. मध्येंच खालीं बसण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. परत आल्यावर ताक किंवा मीठ घातलेलें पन्हें उत्तम. गर्भवती, हृद्रोगी, रक्तदाबाचे रोगी आणि लघवी अधिक होण्याचें औषध घेणारे यांनीं वैद्यकीय सल्ल्याशिवाय जाऊं नये. डोकें दुखूं लागलें, मळमळलें, किंवा अंगावर शहारे आले तर शिक्षक कांहींही म्हणोत, बाहेर यावें. मनुष्य असंबद्ध बोलूं लागला, तोल जाऊं लागला, तर तो उष्माघात समजावा, मग अंगावर घाम असला तरी. अशा वेळीं तत्काळ अंगावर गार पाणी ओतावें, वारा घालावा आणि इस्पितळांत न्यावें.

जळगांव-धुळ्याच्या बहुतेक कुटुंबांना मात्र याहून सोपा मार्ग मोकळा आहे. पावसाळा सरून आश्विन लागला म्हणजे पहांटे घराच्या गच्चीवर सतरंजी अंथरावी आणि परिचित अशीं आठ-दहा आसनें सावकाश करावीं. फाल्गुनापर्यंत शरीर तयार होतें. पुढें उन्हाळ्यांत सूर्य वर येण्यापूर्वीं तींच थोडीं कमी करावीं. खोली तापविण्यास तेथें कांहीं खर्च येत नाहीं. तें काम आमच्या प्रदेशांत सूर्यनारायण न सांगतां करतो, आणि त्याच्याशीं स्पर्धा न करणेंच हिताचें.