कुत्र्याच्या छापाची तबकडी



मागच्या आठवड्यात पाचवीतला एक मुलगा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून एक काळी, जड तबकडी वर्गात घेऊन आला. "सर, हे का आहे जी? आबाजीच्या पेटीत भेटलं." मग काय, अंदाज सुरू झाले. कुणी म्हणालं चाक, कुणी म्हणालं झाकण, एक मुलगी म्हणाली तवा. ती फारशी चुकली नव्हती बरं का. पंजाबकडे जुने लोक रेकॉर्डला तवाच म्हणत.

तबकडीच्या मधोमध एक गोल कागद चिकटवलेला होता. त्यावर पितळी भोंग्यासमोर कान देऊन बसलेला एक कुत्रा. मुलांना गाण्यापेक्षा त्या कुत्र्यातच जास्त रस. "सर, हा तिथं काऊन बसला?" त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दोन तासिका लागल्या. तेच इथे थोडं सविस्तर लिहितो आहे. परिसर अभ्यास, इतिहास आणि गणित, तिन्ही विषयांना हे उपयोगी पडेल.

आधी एक शब्द समजून घेऊ. तो मधला गोल कागद म्हणजे लेबल. गाणं कोणतं, गायलं कोणी, राग कोणता, रेकॉर्डचा नंबर काय, हे सगळं त्यावर छापलेलं असतं आणि सोबत कंपनीची खूण असते. त्यामुळे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीलाच पुढे 'लेबल' म्हणू लागले. आपल्याकडे कित्येक वर्षं लेबल म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एकच खूण यायची, एच.एम.व्ही. म्हणजे 'हिज मास्टर्स व्हॉइस', मालकाचा आवाज.

कुत्र्याचं नाव निपर. इंग्लंडमधल्या फ्रान्सिस बरॉड नावाच्या चित्रकाराच्या भावाचा हा कुत्रा. भाऊ वारल्यावर तो चित्रकाराकडे आला. यंत्रातून येणारा आवाज तो टक लावून ऐकायचा. निपर मेल्यावर बरॉडने ते दृश्य आठवून चित्र काढलं. गंमत म्हणजे त्या चित्रात ग्रामोफोन नव्हताच! एडिसनचा फोनोग्राफ होता, ज्यात तबकडीऐवजी मेणाची नळी फिरायची. १८९९ मध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने त्याला सांगितलं, "नळीवालं यंत्र खोडा, आमचं तबकडीवालं काढा, मग चित्र घेतो." त्याने तसं केलं. चित्राचे ५० पौंड आणि हक्काचे ५० पौंड, असे १०० पौंड मिळाले. मूळ चित्रावर रंगाचा दुसरा थर चढवून जगातली एक सगळ्यांत ओळखीची खूण तयार झाली.

ही ग्रामोफोन कंपनी १८९८ मध्ये लंडनला सुरू झाली होती. सपाट तबकडीची युक्ती एमिल बर्लिनर या संशोधकाची, १८८७ सालची. नळीपेक्षा तबकडी सोयीची का, हे मुलांना विचारून पाहा. भाकरी थापण्याचं उदाहरण दिलं की लगेच कळतं. नळीची नक्कल काढणं कठीण होतं. तबकडीचा मात्र एकदा धातूचा साचा केला की त्यावरून हजारो तबकड्या दाबून काढता येत.

आता आवाज त्यात भरायचा कसा? त्या काळी वीज नाही, माईक नाही. गायकाने एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून जोरात गायचं. भोंग्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा असायचा. आवाजाने तो थरथरायचा, पडद्याला जोडलेली सुई थरथरायची आणि खाली फिरणाऱ्या मेणाच्या तबकडीवर नागमोडी खाच कोरली जायची. वाजवताना सगळं उलटं. सुई त्या खाचेतून जाते, थरथरते, पडदा हलतो आणि भोंग्यातून आवाज बाहेर पडतो. मुलांना आगपेटीच्या दोऱ्याच्या टेलिफोनची आठवण करून द्या. तत्त्व बरंचसं तेच. मायक्रोफोन लावून विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९२५ च्या सुमारास.

१९०२ मध्ये या कंपनीने फ्रेड गायसबर्ग नावाच्या तंत्रज्ञाला बोटीने हिंदुस्थानात पाठवलं. नोव्हेंबर महिन्यात त्याने कलकत्त्याला गौहर जान या प्रसिद्ध गायिकेचं गाणं तबकडीवर घेतलं. गाणं संपलं की शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. मुलांना हे ऐकवलं की हसतात. पण त्यामागे कारण होतं. कोरलेलं मेण बोटीने जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात जायचं आणि तबकड्या तिथे दाबल्या जायच्या. तिथल्या कामगाराला ठुमरी कळणार नाही, गायिका कोण ते कळणार नाही. मग लेबलवर नाव छापायचं कोणतं? म्हणून आवाजातच नाव! तयार तबकड्या १९०३ मध्ये परत आल्या. म्हणजे स्वतःचं गाणं ऐकायला गायकाला समुद्रापलीकडून डाक यायची वाट पाहावी लागायची.

इथे मला दर वेळी चुटपुट लागते. आपल्या मराठी संगीत रंगभूमीचे भाऊराव कोल्हटकर, किर्लोस्कर मंडळींचे 'भावड्या', १९०१ मध्ये वारले. गायसबर्ग आला १९०२ मध्ये. एवढ्याशा फरकाने तो आवाज गेला. त्यांच्या गाण्यावर लोक कसे वेडे होत, हे आपण फक्त वाचू शकतो. नंतरच्या बालगंधर्वांचं तसं झालं नाही. त्यांची नाट्यपदं तबकड्यांवर आहेत, आजही ऐकता येतात.

धंदा वाढला तशी कंपनीने १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदाह इथे स्वतःचा कारखाना काढला आणि १९२८ च्या सुमारास दमदमला मोठा. कारखाना इथेच काढायला आणखी एक चांगलं कारण होतं, ते आपल्या रानातलं आहे. जुनी तबकडी प्लास्टिकची नसते, लाखेची असते! लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राळेसारखा पदार्थ तयार करतो, ती लाख. आपल्या वर्धा जिल्ह्यात फाल्गुनात सगळीकडे पळस फुललेला दिसतो. तिकडे गोंदिया-भंडाऱ्याकडे लाखेचा व्यवहार जुना आहे. बिहार-छोटानागपूरची लाख तर जगभर जायची. लाख, दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू तापवून, मळून, दाबून तबकडी होई. बांगडीची लाख आणि गाण्याची लाख एकच, हे ऐकून आमच्या मुलींचे डोळे केवढे झाले! दुसऱ्या महायुद्धात लाख लष्करी कामाला लागली आणि बोटींचे मार्गही धोक्याचे झाले, तेव्हा अमेरिकेत नव्या रेकॉर्डचं उत्पादन कमी करावं लागलं होतं. लाखेची तबकडी हातातून पडली की फुटते, म्हणून वर्गात ती हाताळताना खाली सतरंजी ठेवा.

गणिताचा भाग असा. ही तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते आणि दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटं वाजते. म्हणजे ७८ × ३ = २३४ फेरे. त्यात गाणं संपलंच पाहिजे. तासभर ख्याल गाणाऱ्या गवयाला सांगितलं, तीन मिनिटांत राग दाखव! पुष्कळांनी नाक मुरडलं असेल. पण ज्यांना ते जमलं त्यांचं गाणं घरोघरी गेलं. तीन मिनिटांच्या या चौकटीत बसणारं नवं गाणं मराठीत तयार झालं, ते भावगीत. इथे आपल्या विदर्भाचा मोठा हात आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता नागपूरचे तरुण गायक गजानन नव्हे, गोविंद नारायण म्हणजे जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला गायली आणि ती तबकडी गाजली. (गजाननराव जोशी हे व्हायोलिनवाले वेगळे. नावांचा हा गोंधळ नेहमी होतो.) पुढे १९३८ मध्ये वकिली सोडून जी. एन. जोशी मुंबईला एच.एम.व्ही.तच नोकरीला लागले. कोणाचं गाणं मुद्रित करायचं, कलाकाराची मनधरणी कशी करायची, हे सगळं ते पाहत. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही संतूर, बासरी आणि गिटारची जगभर गाजलेली तबकडी त्यांच्याच देखरेखीखाली झाली. 'स्वरगंगेच्या तीरी' हे त्यांचं आठवणींचं पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात नसेल तर अवश्य मागवा.

वर्ध्याच्या मुलांना सांगण्यासारखी आणखी एक तबकडी आहे. १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले होते, तेव्हा ऑक्टोबर महिन्यात किंग्जली हॉलमध्ये कोलंबिया कंपनीने त्यांचा आवाज मुद्रित केला. त्याच वर्षी कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र येऊन ई.एम.आय. झाली होती, म्हणजे ही कंपनी निपरच्याच घरातली. गांधीजी राजकारणावर बोलले नाहीत. 'यंग इंडिया'तला आपला ईश्वराविषयीचा जुना लेख त्यांनी इंग्रजीत वाचला. साधारण सहा मिनिटं, म्हणजे तबकडीच्या दोन बाजू. सेवाग्रामच्या सहलीला जाण्याआधी मी तो मुलांना मोबाईलवर ऐकवतो. पुस्तकातलं चित्र बोलायला लागल्यावर वर्ग एकदम शांत होतो.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, कंपनीचं इथलं रूप 'ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया' या नावाने नोंदलं गेलं. पुढची दोन-तीन दशकं म्हणजे जवळजवळ एकछत्री राज्यच. सिनेमाची गाणी, नाट्यगीतं, कीर्तनं, भाषणं, सगळ्यावर तोच कुत्रा. मुंबईच्या 'यंग इंडिया' या देशी कंपनीने १९३५ पासून वीसेक वर्षं टक्कर दिली, पण ती टिकली नाही. सत्तरीत पॉलिडॉर आली. 'शोले'चे संवाद गावोगावच्या भोंग्यांवरून वाजले ते त्या कंपनीचे.

एकछत्री राज्यात सुस्ती येतेच. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या, टी-सिरीजसारख्या नव्या कंपन्यांनी बाजार काबीज केला आणि जुनी कंपनी मागे पडली. त्याच सुमारास ती आर.पी.जी. समूहाकडे गेली. कॅसेट काढायला कारखाना लागत नव्हता. म्हणून आपल्या भागातली भजनी मंडळं, वऱ्हाडी विनोद, भीमगीतं एस.टी. स्टँडवरच्या दुकानात दिसू लागली. इतकी वर्षं ज्यांना कंपनीने विचारलं नव्हतं, त्यांना आता स्वतःचं लेबल मिळालं. माझ्या मते तबकडीच्या इतिहासातला हा भाग सगळ्यांत कमी शिकवला जातो. २००० मध्ये कंपनीने 'सारेगामा' हे नाव घेतलं. २०१७ मध्ये तिने जुनी पाच हजार हिंदी गाणी भरलेला 'कारवां' हा रेडिओसारखा डबा काढला आणि तो धडाक्याने खपला. आता तीच गाणी मोबाईलवर आहेत.

शाळेच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकणाऱ्या शिक्षकांसाठी एक सूचना. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९६० ची तबकडी २०२० च्या अखेरीस मोकळी झाली. पण गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा असतो, तो कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. दोन्ही तपासा.

शेवटी मुलांनीच एक प्रश्न काढला. "सर, माह्या आजीच्या ओव्या हाय का त्या रेकॉर्डवर?" नाहीत. जात्यावरच्या ओवीला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून कंपनीचा भोंगा तिच्यापर्यंत पोचला नाही. ते काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉतव्हँ यांनी केलं. त्यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या हजारावर गावांमधून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या बऱ्याच 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट.

उपक्रम : घरातल्या किंवा शेजारच्या आजीची एक ओवी, भुलाबाईचं गाणं किंवा पाळणा मोबाईलवर मुद्रित करा. पंखा आणि टीव्ही बंद ठेवा, मोबाईल आजीपासून वीतभर अंतरावर धरा, आधी दहा सेकंद चाचणी घ्या. तीन मिनिटांची अट नाही. गाणं झालं की बंद करण्याची घाई करू नका. गौहर जानसारखं आजीला शेवटी स्वतःचं नाव, गाव आणि ही ओवी कुणाकडून शिकली ते सांगायला लावा. आमच्या वर्गात आतापर्यंत सतरा आज्या झाल्या आहेत. त्यांतल्या दोघींनी नाव सांगताना आधी नवऱ्याचं सांगितलं, मग नातवाने हळूच म्हटलं, "आजी, तुह्यं सांग नं."