बंदुकीच्या जागी ढोलकी : ‘सांगत्ये ऐका’ची जादू

पाचगणी : पसरणीचा घाट उतरून वाई गाठली, की साताऱ्याची वाट लागते. साताऱ्याला जाताना कानातली बुगडी हरवल्याची लाडिक तक्रार करणारी आशा भोसले यांची लावणी मराठी रसिकाला तोंडपाठ असते. ज्या कृष्णधवल चित्रपटातील ही लावणी, तो अनंत माने दिग्दर्शित ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली प्रदर्शित झाला आणि पुण्याच्या ‘विजयानंद’मध्ये तब्बल १३१ आठवडे चालला. केवळ एका लावणीवर अडीच वर्षे गर्दी टिकत नसते.

हॉलिवूडला जसा ‘वेस्टर्न’, तसा मराठीला तमाशापट. आडबाजूचे गाव, त्यावर सत्ता गाजवणारा एक बलदंड माणूस, जुना अन्याय आणि अखेरीस सर्वांदेखत होणारा हिशेब, ही दोन्हीकडची सामग्री. ‘सांगत्ये ऐका’त राजुरीच्या पाटलाला बैलगाडीच्या शर्यतीत एक साधा शेतकरी हरवतो. त्याची किंमत त्या शेतकऱ्याला प्राणाने आणि त्याच्या पत्नीला अब्रूने मोजावी लागते. तिची पोरकी मुलगी चिमा ही तमासगिरीण वाढवते. पुढे ही मुलगी नामांकित नर्तकी होते आणि पाटलाचाच मुलगा तिच्यावर भाळतो. आता मौन पाळणे म्हणजे अनर्थ. चिमा राजुरीतच, तमाशाच्या बोर्डावरून सत्य सांगते.

चित्रपटाचे खरे बळ या प्रसंगात आहे. ‘हाय नून’ (१९५२) या गाजलेल्या कृष्णधवल वेस्टर्नमधील मार्शलकडे गाव पाठ फिरवते, तरी त्याच्या हाती बंदूक असते. चिमाच्या हाती केवळ शब्द. मात्र करमणुकीसाठी जमलेल्या गावाला उठून जाता येत नाही. प्रेक्षकांचेच पंच होतात. ज्या बाईला गाव पैसे फेकून नाचवते, तिच्याच तोंडून गावाला आपले पाप ऐकावे लागते. तमाशातून गावाला चार शब्द सुनावण्याची रीत या मुलखाला नवी नाही. तमाशाला मुक्तनाट्याचे रूप देणारे शाहीर साबळे याच घाटाखालच्या पसरणीचे.

कथानकातील योगायोग आज अंमळ जास्त वाटतात आणि पाटील तर निखळ काळा रंगवला आहे. तरीही संवाद शिळे झालेले नाहीत. ते व्यंकटेश माडगूळकरांचे, तर गीते त्यांचे थोरले बंधू गदिमांची. माणदेशच्या मातीतील या भावंडांनी गावरान बोली नक्कल म्हणून नव्हे, तर घरची म्हणून वापरली. वसंत पवार यांच्या संगीताने ती शहरातही पोहोचवली. बैलगाडी शर्यतीवर २०१४ साली बंदी आली, २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा परवानगी देणारा कायदा वैध ठरवला. शर्यतीत गुंतलेली गावाची प्रतिष्ठा या भागात कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

या चित्रपटाने जयश्री गडकर यांना तारकापद दिले. चिमा साकारणाऱ्या हंसा वाडकर यांना त्याने आणखी काही दिले. १९७० साली पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या आत्मकथनाला त्यांनी नाव दिले ‘सांगत्ये ऐका’. पडद्यावर चिमाने दुसऱ्या स्त्रीवरील अन्याय सांगितला होता. पुस्तकात वाडकर यांनी स्वतःचे आयुष्य तितक्याच निर्भीडपणे मांडले. त्याच्याच आधारे श्याम बेनेगल यांनी १९७७ साली ‘भूमिका’ काढला आणि स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.