त्सेहला, दाख आणि वेझा

सन १६२७. कीव्हमधल्या पेचेर्स्क मठाच्या छापखान्यातून एक जाडजूड कोश बाहेर पडला. पाम्वो बेरिंदा या साधूने वर्षानुवर्षं खपून त्यात सुमारे ७,००० नोंदी केल्या होत्या. हा कोश दुभाषी खरा, पण दुसरी भाषा परक्या मुलखातली नव्हती! आधी धर्मग्रंथांतला जुना स्लाव्ह शब्द, पुढे लोकांच्या तोंडचा, म्हणजे आजच्या युक्रेनियनच्या तेव्हाच्या रूपातला अर्थ. ज्ञानेश्वरीच्या ओवीखाली आजचा अर्थ छापतात, तसंच.

आता या बोलीत घर बांधायला घ्या. वीट म्हणजे 'त्सेहला', छप्पर म्हणजे 'दाख', दगडा-विटांची भिंत म्हणजे 'मूर', नगरसभेची इमारत 'रातुशा'. सगळे शब्द मूळचे जर्मन, पोलिशच्या वाटेने आलेले. इतके जर्मन शब्द इथे कसे? ल्विव्हला १३५६ मध्ये जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या धर्तीवर स्वशासनाची सनद मिळाली, नंतर इतर शहरांनाही मिळत गेली. तिथे जर्मन व्यापारी-कारागीर वसले आणि पक्क्या बांधकामाबरोबर त्याची भाषाही वसली.

पण खरं नवल पुढेच आहे. 'त्सेहला'च्या मागे जर्मन 'त्सीगेल', त्याच्याही मागे लॅटिन 'टेगुला'. आणि टेगुला म्हणजे वीट नव्हेच, छपराचं कौल! मूळ धातूचा अर्थ 'झाकणे'. 'दाख'सुद्धा त्याच धातूतून निघालेला. म्हणजे पायथ्याची वीट आणि माथ्यावरचं छप्पर ही सख्खी भावंडं निघाली की! संस्कृतातला झाकणे या अर्थाचा 'स्थग्' हा धातूही याच कुळातला मानतात. आपल्याकडे सभा 'स्थगित' होते, ती त्याच धातूच्या जोरावर.

आणि 'वेझा'? जुन्या इतिवृत्तांत हा शब्द गवताळ माळावरच्या पोलोव्त्सी भटक्यांच्या पालांसाठी येतो. वारा सुटला की फडफडणारं, आज इथे तर उद्या तिथे असलेलं पाल! पुढे पोलिशच्या संगतीत हाच शब्द शहराच्या तटावर चढला आणि जागचा न हलणारा उंच मनोरा झाला.

पूर्वेकडूनही शब्द आले. फारसी 'सराय' म्हणजे वाडा, महाल. तुर्कीत तो राजवाडाच राहिला, इस्तंबूलचा तोपकापी 'साराय'. मराठीत 'सराई' झाली वाटसरूंच्या मुक्कामाची जागा. युक्रेनमध्ये मात्र 'साराय' म्हणजे घरामागची खोप, लाकूडफाटा आणि अडगळ ठेवायची.